बादली, लुगडी, रॉकेल: तिन्ही लागायचं

तुमचा प्रश्न असा की, 1970 च्या सुमारास नगरपालिकेच्या सूतिकागृहात बाळंत व्हायला जाताना घरून बादली, जुनी लुगडी आणि बाटलीभर रॉकेल न्यावं लागे असं आजी सांगते, ते खरं की वाढवून सांगितलेलं?

आजी काही वाढवून सांगत नाहीत. मी 1971 साली एका तालुक्याच्या गावी अशाच सूतिकागृहात नर्स म्हणून लागले. बारा खाटा, एक लेडी डॉक्टर, आम्ही तिघी सिस्टर आणि दोन मावशी. साधी बाळंतपणं आम्हीच करायचो. डॉक्टरीणबाई यायच्या त्या केस अडली तर.

रॉकेल लागायचं स्टोव्हला. तेव्हा एकदा वापरून फेकायचं असं काही नव्हतंच. काचेच्या सिरिंजा, सुया, नाळ कापायची कात्री, सगळं उकळायचं आणि पुन्हा वापरायचं. सुई बोथट झाली की दगडावर घासून धार काढायची. हातमोजे धुऊन, त्यात पाणी भरून कुठे गळतंय का बघायचं, भोक असेल तर आतून ठिगळ, मग वाळवून पावडर लावून जोडी-जोडीने ड्रममध्ये. रॉकेलचा कोटा महिन्याच्या वीस तारखेलाच आटपायचा. मग दहा दिवस पेशंटच्या बाटलीवर.

लुगड्यांचं तर विचारूच नका. मंजूर होऊन येणारं कापड कधी पुरलं नाही. वापरून वापरून मऊ झालेलं नऊवारी लुगडं म्हणजे आम्हाला सोनं. त्यातून बाळाची दुपटी निघायची, बाळंतिणीच्या घड्या निघायच्या, मेणकापडावर अंथरायला तुकडे निघायचे. पण आणलेलं तसंच वापरत नव्हतो हं. सोडा घालून उकळून, कडक उन्हात वाळवून मगच. पावसाळ्यात ते वाळायचं नाही, तेव्हा मावशी स्टोव्हवर उलटी पाटी ठेवून त्यावर एकेक दुपटं शेकत बसायची.

आता बादली. एका बाळंतपणाला सात-आठ बादल्या पाणी सहज जातं. हात धुवायला, बाई पुसायला, टेबल धुवायला, कपडे भिजवायला. आमच्याकडे नळ होता, त्याला पाणी सकाळी तासभर. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची गोष्ट शिकवली होती. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासायला येणारे डॉक्टर त्याने 1847 मध्ये क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका झपाट्याने कमी झाल्या. परीक्षेत मी ते छान लिहिलं होतं. नोकरीत कळलं की हात धुवायला आधी पाणी लागतं.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा नळ कोरडाच. टँकर आला तर आला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका कळा सुरू झाल्यावर तशाच यायच्या, अंगावर खडीची धूळ, पोटात सुकडी (कामावर वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं) नाहीतर लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. डोळ्याची पापणी खाली ओढली तर आत कागदासारखं पांढरं, म्हणजे अंगात रक्तच कमी. एका रात्री तिघी एकदम आल्या आणि हौदात तळाला गाळ. आमची मावशी देवळाच्या विहिरीवर गेली, पोहरा सोडून खरवडून खरवडून पाणी काढलं आणि चार खेपा केल्या. तिला पगार किती मिळायचा ते सांगायची मला लाज वाटते. मुलगा झाला की ती नातेवाइकांकडून दोन-पाच रुपये घ्यायची. मुलगी झाली की कुणी देत नसे आणि तीही मागत नसे. लोक त्याला लाच म्हणायचे. मला तेव्हाही तसं वाटलं नाही.

पण बादली-लुगडी घरून आणता येत होती. रक्त आणता येत नव्हतं. वार पडल्यावर रक्त थांबेना तर मेथर्जिनचं इंजेक्शन द्यायचं, पोट चोळत राहायचं, खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली विटा सरकवायच्या म्हणजे डोक्याकडची बाजू खाली होते, आणि जीप मिळते का बघायचं. रक्तपेढी जिल्ह्याच्या गावाला. रक्त द्यावं लागेल म्हटलं की "चहा पिऊन येतो" म्हणून गेलेले नवरे मी पाहिलेत. एकदा सासऱ्याने दिलं, धोतराचा सोगा सावरत, न बोलता.

त्याही आधीची गोष्ट वेगळी. मुंबईत कामा हॉस्पिटल 1886 मध्ये सुरू झालं ते स्त्री डॉक्टरांच्या हाती, कारण पुरुष डॉक्टरकडे बायका जायच्याच नाहीत. परळला वाडिया प्रसूतिगृह 1926 चं, गिरणगावातल्या बायकांसाठी. पुण्याचं केईएमही 1912 मध्ये लहानसं सुरू झालं. तरी बहुतेक बाळंतपणं घरच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालात दर हजार जन्मांमागे साधारण 20 बाळंतिणी दगावतात असा अंदाज आहे. त्या मानाने आमच्या गळक्या छपराखाली बायका सुखरूप होत्या, म्हणून तर बादली घेऊन का होईना, यायच्या.

एक राहिलं. त्या बादल्या परत नेताना फार घोळ व्हायचा. पितळी बादलीवर नाव घातलेलं असलं तर ठीक, लोखंडी असली की गेलीच. मी बदली होऊन निघाले तेव्हा मोरीत अकरा बेवारशी बादल्या होत्या. तुमच्या आजींची परत मिळाली होती का, तेवढं विचारून सांगा.