टक्के नकोत, लिटर लिहून ठेव

चि. लेकीस अनेक आशीर्वाद,

अठरा पूर्ण झाली, म्हणजे आता तुझी फाइल मुलांच्या ओपीडीतून मोठ्यांच्या ओपीडीत जाणार. त्या जाडजूड फाइलमध्ये मांडीतल्या रॉडचे एक्सरे आहेत, हाडं बळकट करणाऱ्या झोलेड्रोनेटच्या तारखा आहेत, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्साचे रिपोर्ट आहेत. फुफ्फुसांचा एकही कागद नाही. तो या महिन्यात लागायला हवा, म्हणून हे पत्र.

तुझ्या आजाराला, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाला, ‘काचेची हाडं’ म्हणतात, आणि या नावामुळे सगळ्यांचं लक्ष हाडांवरच राहतं. बिघाड असतो टाइप 1 कोलॅजनमध्ये, म्हणजे शरीराला आधार देणाऱ्या प्रथिनात, आणि ते कोलॅजन फुफ्फुसांच्या जाळीतही असतं. त्यामुळे पाठ सरळ असलेल्या, सौम्य प्रकारच्या लोकांतही फुफ्फुसांची क्षमता कमी सापडते. त्यावर कण्याचा बाक, दबलेले मणके आणि मऊ फासळ्या आल्या की छातीचा पिंजराच आखूड होतो. छातीच्या भागातला बाक 60 अंशांच्या पुढे गेला की श्वासावर त्याचा मोठा भार पडतो. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाच्या गंभीर प्रकारांत मोठ्या वयातले मृत्यू बहुतेकदा श्वासाच्या त्रासाने होतात. तू आता आपले निर्णय आपण घेणार आहेस, म्हणून हे झाकून ठेवत नाही.

पहिलं काम पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी. इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात कर किंवा खासगी लॅबमध्ये, पण नंतर दरवर्षी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर. फासळी नुकतीच मोडली असेल तर थांब. दुखणं पूर्ण गेल्यावरच जा. नाकाला चिमटा लावून पूर्ण श्वास घ्यायचा आणि एका दमात, जोराने, शेवटपर्यंत सोडायचा. असे निदान तीन चांगले प्रयत्न हवेत, आणि त्यांतल्या सगळ्यांत चांगल्या दोनांत 150 मिलीपेक्षा जास्त फरक नको. आठ प्रयत्नांत जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी. मध्ये दम खाऊन घे, घाई करू देऊ नकोस.

आता खरी गोम. मशीन तुझी उंची विचारतं आणि त्या उंचीच्या निरोगी माणसाशी तुझी तुलना करून टक्के छापतं. बाकामुळे उंची घटली की अपेक्षित आकडाही घटतो आणि टक्के छान दिसतात. इतरांच्या बाबतीत उंचीऐवजी दोन्ही हात पसरून लांबी मोजतात, पण तुझ्या दंडाची हाडंही वाकलेली, त्यामुळे तो उपाय अपुरा. म्हणून टक्के बाजूला ठेव आणि एफव्हीसीचा, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेल्या एकूण हवेचा, लिटरमधला आकडा वहीत लिही. तुझी तुलना फक्त तुझ्याशीच. समज, गेल्या वर्षी 1.60 लिटर होते आणि यंदा 1.35 आले, तर जवळजवळ सहावा हिस्सा गेला. टक्के तेवढेच दिसत असले तरी त्या दिवशी डॉक्टरांसमोरून उठू नकोस.

तीच चाचणी एकदा आडवं झोपूनही करायला सांग. बसून आणि झोपून यांत थोडा फरक पडतोच, साधारण 10 टक्क्यांच्या आत. आकडा 25–30 टक्क्यांनी खाली आला तर डायफ्राम, म्हणजे श्वासपटल, कमजोर असण्याची शंका घ्यायची. ही मागणी तंत्रज्ञांना नवी वाटेल. डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घे.

बिघाड आधी रात्री दिसतो. झोपेत श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी वर्गात डुलक्या. तुझ्या वयाची मुलं याला ‘जागरण झालं’ म्हणतात. बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो: तो ऑक्सिजन दाखवतो, कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. (मेंदी किंवा नेलपेंट असेल तर ऑक्सिजनचा आकडाही धड येत नाही.) साध्या रक्त तपासणीत बायकार्बोनेट (कार्बन डायऑक्साइड साठत राहिला की ते वाढतं) 27 किंवा जास्त आलं, तर एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी, आणि झोपेची चाचणी, दोन्ही मागून घे.

कोविडनंतर इंदूरमध्ये कितीतरी घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत. सकाळचं डोकं दुखतं म्हणून कोणा काकांनी तो आणून दिला तर लावू नकोस. हवा आत-बाहेर कमी होत असताना नुसता ऑक्सिजन दिला तर आकडा सुधारतो आणि कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. तिथे उपाय आहे बायपॅप, मास्कमधून दाब देणारं मशीन. मास्क हलका, कपाळावर न रुतणारा घे. पट्टे घट्ट ओढून गळती थांबवण्यापेक्षा साइज बदल. इमर्जन्सीत ऑक्सिजन खाली आला तर तो घ्यायचाच, फक्त सोबत एबीजी करायला सांगायचं.

एक लक्षण वेगळं काढून लिहिते. डोकं मागच्या बाजूला, मानेच्या वर दुखतं आणि खोकताना-शिंकताना वाढतं, असं झालं तर ते श्वासाच्या खात्यात टाकून मोकळी होऊ नकोस. कवटीचा तळ मऊ असला की मणक्याचं टोक वर सरकून मेंदूच्या देठाला दाबू शकतं, आणि श्वासाचं नियंत्रण तिथेच आहे. त्यासाठी मानेचा आणि मेंदूचा एमआरआय लागतो.

कफाबद्दल घरच्यांशी वाद होईल. खोकला झाला की आजी पाठीवर थापट्या मारणार, आणि काही फिजिओसुद्धा ओंजळ करून छाती थोपटतात. तुझ्या फासळ्यांना ते दोन्ही चालत नाही, आणि कंप देणारं मशीनही नाही. त्याऐवजी: अर्धा मिनिट शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येकी तीन सेकंद धरून, परत शांत श्वास, आणि मग तोंड उघडं ठेवून एक-दोनदा ‘हा’ असा हुंकार, आरशावर वाफ धरावी तसा. हे चक्र दहा-पंधरा मिनिटं. खोकला आवरतच नसेल तर घडी घातलेली उशी छातीशी हलकेच धरून खोक.

कफ घट्ट असेल तर बाटलीचा प्रयोग चांगला चालतो. रुंद तोंडाच्या बाटलीत 10 सेंटिमीटर पाणी घे, आतून निदान 8 मिलिमीटर रुंद असलेली नळी तळापर्यंत सोड आणि सावकाश फुंकून बुडबुडे काढ. आठ-दहा फुंका, मग हुंकार. बाटलीचं तोंड मोकळंच हवं, आणि सलाइनची बारीक नळी घेऊ नकोस. त्या दोन्हींमुळे दाब नको इतका वाढतो. पाणी रोज बदल. पहिल्यांदा फिजिओसमोर करून बघ, आणि थुंकीत रक्त किंवा छातीत अचानक कळ आली तर थांब.

खोकल्याचा जोर पीक-फ्लो मीटरवर मोजता येतो. स्नायूंच्या आजारांसाठी ठरवलेले आकडे आपणही वापरतो: मिनिटाला 270 लिटरच्या खाली असेल तर सर्दीच्या दिवसांत कफ अडकण्याची भीती, 160 च्या खाली असेल तर खोकून कफ निघतच नाही.

फासळी मोडली तर पट्टा बांधू नका. दुखतं म्हणून श्वास उथळ होतो, फुफ्फुसाचा तळ मिटतो, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. पट्ट्याने श्वास आणखी उथळ होतो. वेळेवर पॅरासिटामॉल घेऊन श्वास खोल ठेवणं हाच उपचार. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी रात्रीचा श्वास आणखी मंदावू शकतो, त्या विचारल्याशिवाय नकोत. जागेपणी दर तासाला तीन बॉलच्या स्पायरोमीटरवर दहा श्वास. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. सेकंदाला 600, 900 आणि 1200 मिली हवा ओढली की एकेक बॉल उठतो. तुझ्या छातीला पहिला बॉल तीन सेकंद वर राहिला तरी काम झालं.

पोटाकडेही बघ. खुब्याची खोबण आत सरकलेली असली की बद्धकोष्ठ जुनं होऊन बसतं, आणि फुगलेलं पोट श्वासपटलाला वर दाबतं. पाणी, तंतुमय जेवण, आणि व्हीलचेअरवर घसरून न बसणं. वजन वाढलं तरी त्रास तोच.

फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी. न्यूमोकॉकलची डॉक्टर सांगतील तशी. दम्यासारखी घरघर झाली तर स्पेसरसह (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) इन्हेलर मागून घे. तोंडाने घ्यायची स्टिरॉइड लांबली की हाडांचं नुकसान करते.

आपलं शहर 2017 ते 2023 सलग स्वच्छतेत पहिलं आलं, याचा मला अभिमान आहे, पण झाडलेला रस्ता म्हणजे स्वच्छ हवा नव्हे. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा गुलालाचे ढग दुमजली घरांवर जातात. ती वरच्या मजल्यावरून, खिडकी लावून बघ. दिवाळीच्या दोन रात्री आणि एप्रिलमध्ये आसपासच्या शेतांत नरवाई (गहू कापल्यावर उरलेली खोडकं) जळते ते दिवस, यांतही तसंच.

पुढे कधी ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञांना वहीतला शेवटचा एफव्हीसी, बायकार्बोनेट आणि बायपॅपचं सेटिंग आधीच दाखव, आणि मान मागे ताणायची नाही हे स्वतः सांग. हीच माहिती एका कार्डावर लिहून व्हीलचेअरच्या खिशात ठेव.

तारीख मिळाली की फोन कर. जाताना कण्याचा शेवटचा एक्सरे घे, आणि त्या सकाळी पोहे कमी खा. भरल्या पोटी पूर्ण श्वास घेता येत नाही.

तुझी,
मावशी