बकशॉला घर घेताय? मातीइतकेच कागदही बघा

"इंग्लंडमध्ये, लँकेशायरच्या बकशॉ व्हिलेजमध्ये घर बघतोय, खाली दारूगोळ्याचा कारखाना होता, जमीन सुरक्षित असेल ना? फ्रीहोल्ड आहे, म्हणजे घर-जमीन दोन्ही आपलीच, मेंटेनन्सचं झंझट नाही" हे तुमचं वाचलं आणि आठ वर्षांपूर्वीची मी आठवले. आमचं घर बकशॉचं नव्हतं, पण अशाच बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवरचं.

मातीची भीती रास्त आहे. चॉर्लीचा तो कारखाना 1939 चा, युद्धात हजारो बायका तिथे बॉम्ब भरायच्या. जर्मनीतली धरणं फोडणारे उसळते बॉम्बही तिथेच भरले. जमिनीच्या साफसफाईचे अहवाल सॉलिसिटरकडून (घरखरेदीचे कागद बघणारा वकील) मागवून घ्या. मला मात्र मातीने नाही, इस्टेट रेंटचार्जने, म्हणजे वसाहतीच्या सामाईक जागांच्या देखभाल-वर्गणीने, रडवलं.

घर फ्रीहोल्ड, पण हिरवळ, तळी, खेळाची मैदानं मॅनेजमेंट कंपनीची. त्यांचं बिल दरवर्षी येतं. एका वर्षी गवत गुडघाभर वाढलं, तेव्हा मी 184 पौंड रोखून धरले. पुण्यात सोसायटीशी भांडतो ना, तस्संच. घोडचूक! घर विकायला काढलं तेव्हा कळलं, लँड रजिस्ट्रीत (सरकारी जमीन-नोंदणीत) नोंदच होती: कंपनीच्या दाखल्याशिवाय नव्या मालकाचं नाव लागणार नाही. थकबाकी, वर पत्रांचा खर्च, सगळं मुकाट भरलं. तरी दाखल्याला 11 आठवडे. फोन केला की एकच पालुपद, "तुमची मेल संबंधित टीमकडे पाठवली आहे." गिऱ्हाईक कंटाळून गेलं.

त्याहून भयंकर म्हणजे 1925 च्या मालमत्ता कायद्याचं (लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट) कलम 121. रेंटचार्ज 40 दिवस थकला तर तुमचं घरच भाडेपट्ट्याने एखाद्या ट्रस्टीच्या नावावर करायची कंपनीला त्यात सोय! म्हणून काही बँका कर्ज द्यायला कां-कूं करतात. 2024 मध्ये नवा कायदा आलाय; तुम्हाला त्यातलं काय लागू होतं ते सॉलिसिटरलाच विचारा, मी वकील नाही. पण सॉलिसिटर बिल्डरने सुचवलेला नको, हे माझं ठाम मत. कंपनीची मागच्या तीन वर्षांची बिलं बघा, आणि रस्ते कौन्सिलने ताब्यात घेतलेत का ते लेखी घ्या. "लवकरच घेतील" याला काही अर्थ नाही. बिल पटलं नाही तरी आधी भरा, मग भांडा.

बाकी बकशॉला 2011 पासून स्टेशन आहे, मँचेस्टरला नोकरी असेल तर सोयीचं. आणि मेथी-कोथिंबीर उंच वाफ्यातच लावा. आम्ही सफरचंदाचं झाड लावायला खणत होतो, तर दीड फुटावर नारिंगी जाळी लागली. वरची माती बाहेरून आणून टाकलेली, जाळीखाली जुनी. नवऱ्याने फावडं तिथेच टेकवलं. ते झाड शेवटपर्यंत कुंडीतच राहिलं.