आधी रंधा, मग सॉफ्टवेअर

सांगलीत राहून इंटीरियर डिझाइन शिकता येईल का, असं विचारलंस. नक्की येईल. आधी नामवंत जर्मन डिझायनर डीटर राम्स यांचा प्रवास बघ. जन्म १९३२, जर्मनीतलं विस्बाडेन. आजोबा सुतार. वास्तुरचनेचं शिक्षण मध्येच थांबवून त्यांनी सुतारकामाची उमेदवारी केली आणि मग शिक्षण पुरं केलं. १९५५ मध्ये ब्राउन कंपनीत घेतलं ते अंतर्गत सजावटीसाठी. पुढे तिथलेच रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर त्यांनी घडवले. १९६० सालची त्यांची भिंतीवरची '६०६' नावाची शेल्फं आजही बनतात, इतकी ती साधी आणि पक्की आहेत.

म्हणून तूही सहा महिने एखाद्या चांगल्या मिस्त्रींच्या हाताखाली जा. रंधा, पटाशी हातात घे. सॉफ्टवेअरमधली थ्रीडी चित्रं नंतर येतील. नवखे लोक तिथूनच सुरुवात करतात आणि कपाटाचं दार उघडायला जागाच उरत नाही!

सुरुवातीच्या चुका:

- माप एकदाच घेणं. जुन्या भिंती ओळंब्यात नसतात. खाली, मध्ये, वर, तिन्हीकडे टेप लाव.
- ओट्याची उंची ठोकताळ्याने ठरवणं. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभं करून मोज.
- कृष्णाकाठच्या तळमजल्यावर साधं प्लायवूड वापरणं. २०१९ च्या पुरात अशी कपाटं फुगून गेलेली मी पाहिली आहेत, फार वाईट वाटलं. तिथे खालच्या भागाला दगड किंवा लोखंड वापर.

प्रकाशयोजना, ऑटोमेशन सध्या राहू दे. आधी घरातच पुस्तकांसाठी एक मांडणी बनव, झाली की दाखवायला ये.