चाळिशीत समोरच्या दातांमध्ये नव्याने फट पडतेय, थेट तार लावावी का?

थेट तार लावू नका, आधी हिरड्या तपासून घ्या. लहानपणापासूनची फट बहुधा जबड्याच्या मानाने दात लहान असल्यामुळे किंवा ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा जाड असल्यामुळे असते; मोठेपणी पडणारी फट मात्र बऱ्याचदा हिरड्यांच्या आजाराची खूण असते. दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात पुढे सरकतात. या आजाराने आलेली हिरड्यांची सूज न घालवता तारेने दात ओढले तर उरलेलं हाडही जाऊ शकतं, म्हणून घाई नको. मागची दाढ काढून जागा मोकळीच ठेवली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही पुढचे दात सरकू शकतात. हिरड्या निरोगी निघाल्या तर तार किंवा अलायनर (दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) खुशाल लावा. फट बारीक असेल तर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, म्हणजे दातावर चिकटवायचं भरण, तेही पुरतं. तारेनंतर रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन) चुकवलात तर फट परत पडू शकते.