आधी विहिरीवरची सुगरण बघ

वडील गेल्यापासून घरात जीव रमत नाही, पक्षी बघायला लागावं म्हणतोय, म्हणालास. लेका, दुर्बिणीच्या, कॅमेऱ्याच्या मागे आत्ता लागू नकोस. आई गेली त्या पावसाळ्यात मी शेतातल्या विहिरीवर नुसता बसून असायचो. काठावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले. खोपा विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर, हे मला तेव्हा कळलं. ज्वारीच्या पानाला चोचीने खाच पाडायची, कड धरायची आणि भुर्रकन उडायचं; पानाची लांब पट्टी सोलून सोबत येते. खोपा अर्धा झाला की मादी येऊन डोकावते. तिला नाही पटला, तर पठ्ठ्या दुसरा विणायला घेतो. तास कसा जायचा कळायचं नाही. रडूही तिथंच यायचं. तुलाही येईल, येऊ दे.

खोप्यांच्या फार जवळ मात्र जाऊ नकोस. झोपच उडाली असेल तर डॉक्टरांनाही दाखव, त्यात कमीपणा नाही.

थंडीत माझ्यासोबत जायकवाडीला चल. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस तिथं उतरतात, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले. तोवर रोज सकाळी विहीर गाठ.