हॅमस्टरला हवी ती खोली

तुमचा प्रश्न वाचला. सहावीतल्या मुलीच्या हट्टापायी सिरियन हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, घरी आला, दुकानदाराने सोबत गुलाबी-निळा दुमजली पिंजरा, आतलं चिमुकलं चाक आणि पिशवीभर भुसा गळ्यात मारला. आता महिना झाला, हा पठ्ठ्या रात्री बारापासून पहाटेपर्यंत गज चावत बसतो. तुम्ही विचारलंय की दात वाढलेत म्हणून असं करतो का, जोडीदार आणून द्यावा का, की वर आणखी एक मजला चढवावा.

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, ‘नाही’. जोडीदार तर चुकूनही आणू नका. सिरियन जातीची पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की एकमेकांना सहन करत नाहीत. आपल्याला वाटतं बिचारा एकटा पडलाय, पण त्याच्या हिशेबात दुसरा हॅमस्टर म्हणजे घरात घुसलेला चोर. मारामारी रक्त निघेपर्यंत जाते आणि ती रात्री होते, आपण झोपलेले असताना.

त्याला हवी आहे खोली. मराठीने सोय करून ठेवली आहे, राहायच्या खोलीला आणि खड्ड्याच्या खोलीला आपल्याकडे एकच शब्द. हॅमस्टरसाठी या दोन्ही गोष्टी खरोखरच एक आहेत. १९३० साली सिरियातल्या अलेप्पोजवळ गव्हाच्या शेतात खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं बाहेर काढली होती. आज जगभर घराघरांत असलेले सोनेरी, म्हणजेच सिरियन, हॅमस्टर जवळजवळ सगळे त्या कुटुंबातून आलेले. म्हणजे तुमच्या मुलीच्या हॅमस्टरचे पूर्वज शेतात बीळ करून राहणारे, झाडावर चढणारे नव्हेत. पुढे त्याच भागात संशोधकांनी रानटी हॅमस्टरांची बिळं मोजली तेव्हा ती साधारण ३६ सेंटिमीटरपासून मीटरभरापर्यंत खोल निघाली, सरासरी ६५. प्रत्येक बिळात एकच मोठा हॅमस्टर. आता तुमच्या पिंजऱ्यातला भुसा मोजून बघा. दोन बोटं भरला तर खूप झालं.

स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठातल्या लोकांनी २००६ साली याचाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही हॅमस्टरांना १० सेंटिमीटर भुसा दिला, काहींना ४०, काहींना ८०. दहावाले गज जास्त चावत होते आणि चाकावरही जास्त पळत होते. हे दुसरं मला आधी पटलं नव्हतं. रात्रभर चाक फिरतंय म्हणजे स्वारी खुशीत आहे असंच मी समजायचे. प्रत्यक्षात खणायला मिळालं की चाकावरचा वेळ आपोआप कमी होतो.

मी हे पुस्तकातून शिकले नाही, चिवड्याच्या जिवावर शिकले. माझा पहिला हॅमस्टर. त्याचा पिंजरा तुमच्यासारखाच होता, फक्त माझा तीन मजली, कारण मी हौशी. गज चावून चावून त्याच्या नाकावरचे केस गेले होते. एका रात्री गजांवरून छतापर्यंत चढला आणि तिथून खालच्या मजल्यावर पडला. हॅमस्टरची नजर अधू असते, उंचीचा अंदाज तर जवळजवळ नसतोच. मागचा पाय मोडला, पुढे तो कायम लंगडत चालला. तेव्हापासून मजले या गोष्टीवर माझा राग आहे, आणि तो या उत्तरात दिसला तर समजून घ्या. तुमच्याही हॅमस्टरच्या नाकाचा शेंडा आज उजेडात नीट बघा. केस विरळ किंवा कातडी लाल दिसली तर नवं घर पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

चिवड्यानंतर खारी नावाची दुसरी हॅमस्टर आली. तिच्यासाठी मी माशांची गळकी टाकी आणली. मत्स्यालयाच्या दुकानात अशी एखादी टाकी पडलेली असतेच, पाणी धरत नाही म्हणून ते स्वस्तात देतात. एका टोकाला फूटभर बेडिंग, म्हणजे खाली अंथरायचा भुसा, दाबून भरलं. पहिले दोन दिवस खारी वरूनच हुंगत फिरली. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला काचेला लागून भुसा हलताना दिसला. आधी नाक, मग दोन पंजे. पुढच्या पंजांनी उकरायची, मागच्या पायांनी ढिगारा मागे लोटायची, मग वळून तोंडाने दाबून भिंत पक्की करायची. वर येऊन टिश्यूच्या पट्ट्या गालात कोंबल्या, डोकं दुप्पट झालं, तशीच खाली गेली आणि सगळ्या पट्ट्या एका गोल खोलीत ओकल्या. मी साडेबारापर्यंत जमिनीवर बसून बघत होते. नंतर कळलं की तिने धान्याचं कोठार वेगळं केलंय आणि मोरीही वेगळी. वन बीएचके म्हणा. त्या टाकीत तिने कधी काही चावलं नाही, अर्थात चावायला गजही नव्हते.

तर आता तुमच्यासाठी. जमिनीची एकसंध जागा शक्यतो १०० बाय ५० सेंटिमीटर असावी, मजल्यांची बेरीज करून नाही. चार फुटी टाकी मिळाली तर सोनं, तीन फुटी म्हणजे ९० बाय ४५ ही माझ्या मते शेवटची पायरी. टाकीचं वजन बेडिंगसकट बरंच होतं, टेबल डुगडुगतं नको. नवीन बनवायची असेल तर काचेच्या दुकानात जाण्याआधी तुमच्या भागातल्या ॲल्युमिनियम सेक्शनवाल्याला विचारा, जो सरकत्या खिडक्या बनवतो. समोर काच, बाकी बाजूंना खालची दीड फूट पक्की शीट, वर जाळी, असा खोका तो दोन दिवसांत करून देतो. फक्त एक गोष्ट त्याला दोनदा सांगा: डासांची नायलॉन जाळी चालणार नाही, स्टीलचीच हवी. माझ्याकडे त्याने सवयीने नायलॉनची लावली आणि खारीची वारस फरसाण पहिल्याच रात्री तिला भोक पाडून सोफ्याखाली सापडली. झाकणाला प्लास्टिक किंवा पूर्ण काच नको, हवा वरूनच खेळते.

भरायचं काय, यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कोपऱ्यावरच्या सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. त्यात प्लायवूडचा डिंक असतो, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड असतं आणि बारीक धूळ तर भरपूर. देवदार आणि कच्च्या पाइनचा वासही त्यांच्या फुप्फुसांना मानवत नाही. साळीचं तूस टोचतं. दुकानात ‘हॅमस्टरची गादी’ म्हणून कापसासारखं जे विकतात ते तर घरात आणूच नका, त्याचे तंतू पायाला गुंडाळून पाय काळा पडतो, गालात अडकतात. कागदाचं बेडिंग किंवा ॲस्पेन लाकडाचे छिलके घ्या. नुसत्या छिलक्यांत बोगदा टिकत नाही, म्हणून मध्ये मध्ये सुक्या गवताचे थर द्या, स्लॅबमध्ये सळई घालतात तसे. सुगंधी काहीच नको. घरट्यासाठी साधा, बिनवासाचा टॉयलेट पेपर फाडून द्या, त्याहून चांगलं काही नाही.

हिशेब आधीच सांगते म्हणजे दचकायला नको: १०० बाय ५० च्या तळावर २५ सेंटिमीटर थर म्हणजे १२५ लिटर बेडिंग, आणि हाताने दाबून भरायचं असल्याने थोडं जास्तच लागतं. पहिला खर्च जड वाटतो. पण एकदा भरलं की महिनोन् महिने पूर्ण बदलावं लागत नाही, ते पुढे सांगतेच.

सगळीकडे सारखा थर नको, उतार करा. एका टोकाला तीस सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला आठ-दहा, मध्ये प्लायची पट्टी आडवी लावली की ढासळत नाही. उथळ बाजूला चाक. तुमच्या पिंजऱ्यातलं पाच इंची चाक ठेंगण्या जातींनाही कमीच पडतं. सिरियन हॅमस्टर त्यावर पळताना धनुष्यासारखा वाकतो. त्याची पाठ सरळ राहायला २८ सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं चाक लागतं. गजांचं नको, त्यात पाय अडकतो. मोठं चाक तयार मिळालं नाही तर केकचा मोठा गोल साचा आणि ६०८ नंबरचं बेअरिंग घ्या, स्केटिंगच्या चाकात असतं तेच, आणि स्टँडवर बसवा. आतून कॉर्कची शीट चिकटवली की पाय घसरत नाहीत. आवाज इतका कमी की तुमची मुलगी त्याच खोलीत झोपू शकेल. प्लास्टिकच्या चेंडूत घालून हॉलमध्ये सोडायचा विचार मात्र सोडा. आत हवा कमी, मिशांना काही कळत नाही, आणि थांबायचं त्याच्या हातात नसतं.

खोल बाजूला बेडिंगवर एक लाकडी घर ठेवा, ज्याला तळ नाही आणि आत दोन-तीन कप्पे आहेत. तिथूनच तो खाली खणायला लागेल. दार सात सेंटिमीटरचं ठेवा, भरलेल्या गालांनी आत शिरता आलं पाहिजे. पेरूची एखादी सुकी फांदी दातांसाठी पुरते.

वाळूची अंघोळ बरेच लोक विसरतात. बेकिंगचा मोठा ट्रे घ्या, त्यात वाळू. चिंचिला नावाच्या प्राण्याच्या अंघोळीसाठी विकतात ती भुकटी नको, धुळीने श्वासाचा त्रास होतो. बांधकामाची वाळू आणलीत तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, चाळा आणि फुटाणेवाल्यासारखी कढईत भाजून गार करा. लोळून झालं की बहुतेक हॅमस्टर त्याच वाळूत लघवी करतात, म्हणजे साफ करायचं तेवढंच. आमच्या घरी सासूबाईंचं पहिलं मत होतं, ‘उंदराला कसली अंघोळ!’ आता ट्रे चाळायचं काम त्याच करतात.

तुमच्या नाशिकचं हवामान हा वेगळा मुद्दा आहे, म्हणून थोडं थांबून लिहिते. हॅमस्टरला १८ ते २४ अंश मानवतात, तिशीच्या वर त्याला धाप लागते. एप्रिल-मेमध्ये पिंजरा बाल्कनीत नाही, गच्चीखालच्या खोलीत नाही, पश्चिमेच्या भिंतीला नाही. जुन्या माठाचा अर्धा तुकडा किंवा घराचं कौल बेडिंगमध्ये थोडं रोवून ठेवा, दुपारी तो त्यावर पसरलेला दिसेल. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरून लावा. कूलरचा झोत अंगावर नको, दमट बेडिंगला बुरशी धरते. खोल थराचा फायदा इथेही आहे, खालची खोली वरच्यापेक्षा गार राहते.

थंडीत उलटं. निफाडकडचा पारा खाली घसरतो तेव्हा एखाद्या पहाटे हॅमस्टर गार, ताठ, हालचाल नाही असा सापडू शकतो. लोक रडत रडत कुंडीत पुरतात. थांबा. खूप गारठला की तो निपचित पडतो, श्वास मिनिटाला मोजकेच होतात. ओंजळीत घेऊन हळूहळू ऊब द्या, हीटरसमोर धरू नका, आणि लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

मुंग्या! धान्याचं कोठार म्हटल्यावर मुंग्या येणारच. मुंग्यांचा खडू, फवारा, पावडर काहीही जवळपास नको, ते विष त्याच्या पायाला लागतं आणि पाय चाटले की पोटात जातं. आजी दुधाच्या फडताळाखाली करायची तेच करा, टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. डासांची कॉइल आणि उदबत्तीही दुसऱ्या खोलीत.

खाणं वाटीत देऊ नका, पसरून टाका, त्याला शोधायला लावा. बाजरीचं किंवा ज्वारीचं कणीस उभं खोचून ठेवलंत तर अर्धी रात्र त्यातच जाते. सूर्यफुलाच्या बिया दिवसाला दोन-तीन, तेही मुलीच्या हातून, ओळख व्हायला.

आणि सफाई. दर रविवारी सगळं उपसून फिनेलने पुसणं हा आपला संस्कार, पण त्याच्यासाठी ते दर रविवारी घर पाडल्यासारखं आहे. त्याला घर वासाने ओळखू येतं. वाळू एक-दोन दिवसांआड चाळा, ओला कोपरा दिसला तर तेवढाच काढा, कोठारातलं ओलं आणि सडकं फेकून सुकं तिथेच राहू द्या. दोन-तीन महिन्यांनी एक-तृतीयांश बेडिंग बदललं की झालं, बाकीचं जुनंच.

नव्या घरात हलवतानाही हेच. सगळं भरून तयार झालं की जुन्या पिंजऱ्यातला त्याचा मळका भुसा आणि साठवलेले दाणे खोल बाजूला टाका, मग संध्याकाळी त्याला सोडा. पहिले दोन-तीन दिवस पाणी आणि खाण्यापलीकडे हात घालायचा नाही, हे मुलीला आधीच बजावा. आठवडाभर तो दिसलाच नाही तरी उकरून बघू नका. पसरलेलं खाणं सकाळपर्यंत संपतंय आणि वाळूवर ठसे आहेत, तेवढं पुरे.

जुना दुमजली पिंजरा फेकू नका. वरचा मजला आणि शिडी काढून टाकलीत तर डॉक्टरांकडे न्यायला किंवा वाळू बदलताना दहा मिनिटं ठेवायला तो बरा आहे. माझा चिवड्याचा अजून माळ्यावर आहे, आता त्यात कांदे राहतात.