कार्डाची प्रत आणि नकाशाचे कुलूप

प्रश्न : अंजनेरी, हरिहरच्या वाटांसाठी घेतलेला जीपीएस नकाशा मी खबरदारी म्हणून दुसऱ्या मेमरी कार्डावर उतरवला, यंत्र मात्र तो उघडतच नाही. पैसे मोजूनही असे का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : फाइल पूर्ण उतरली असावी, अडते ते कुलूप, म्हणजे नकाशाची नक्कल वापरू न देणारी सोय. अशा नकाशाची किल्ली बहुधा कार्डात कारखान्यातच कोरलेल्या क्रमांकाशी बांधलेली असते आणि तो क्रमांक फाइलींबरोबर कॉपी होत नाही. त्यामुळे फाइल चुकून पुसली गेली तर तुमची प्रत मूळ कार्डावर परत टाकून चालेल, पण कार्डच निकामी झाले तर तिचा उपयोग नाही. हा व्यवहार मला तरी एकतर्फी वाटतो. पावती जपा आणि बदली कार्डाबद्दल विक्रेत्याला आताच लेखी विचारा. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावरून तयार केलेले मोफत नकाशे सहसा कुलपाविना मिळतात, तेही सोबत ठेवावेत.